आवाजावर बार काढू नका

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आपल्या हदगाव तालुक्यात दोन आवाज बरोबरच ऐकू येतात. एक मळणीयंत्राचा आणि दुसरा रानडुकरांच्या नावानं चाललेल्या बोंबेचा. पैनगंगा-कयाधूच्या काठची गावं असोत, इसापूर प्रकल्पाच्या कालव्यावर ऊस, केळी घेणारी गावं असोत, की तामसा-मनाठा भागातली माळाची गावं असोत, डुकरांनी रान लोळवलं नाही असं शिवार आता शोधूनही सापडायचं नाही. डुक्कर खातं थोडं आणि नासवतं फार. भुईमुगाचं रान एका रात्रीत वखर फिरवल्यागत उकरून ठेवतं. मका आडवा करतं, उसाची बुडं चावून टाकतं. मग सकाळी धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या तोंडातून एकच वाक्य निघतं, "आता गोळीच घालायची!"

त्याचा राग खोटा नाही. बी-बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं घालून हाताशी आलेलं पीक डोळ्यांदेखत मातीत गेलं तर कुणाचंही डोकं फिरेल. रानडुकराला गोळी घालावी की न घालावी यावर या लेखात वाद घालायचा नाही. त्याचा कायदा ठरलेला आहे, त्याकडे पुढे येतो. मला बोलायचं आहे ते रागानंतर जे घडतं त्यावर. गावातले दहा-पंधरा गडी जमतात. कुणाकडे काठी, कुणाकडे कुऱ्हाड, चार कुत्री, आणि दोघा-तिघांकडे बंदुका. कोण कुठं थांबणार, कोण हाका देणार, बार कोण काढणार, कोणत्या बाजूला काढणार, यातलं काहीच न ठरवता ही सगळी मंडळी एकाच उसात, एकाच तुरीत शिरतात. डुकराचं काय व्हायचं ते होवो, पण त्या रानात त्या घटकेला सर्वात जास्त धोका असतो तो माणसालाच.

पालघरला काय झालं

२०२५ च्या जानेवारी अखेरची गोष्ट आहे. पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली. जंगलात काही जण मागे-पुढे झाले, एकमेकांपासून तुटले. झाडीत हालचाल झाली. डुक्कर आहे असं समजून एकानं बार काढला आणि तो लागला बरोबर आलेल्या माणसालाच. माणूस जिवानिशी गेला. याहून वाईट पुढेच झालं. घाबरलेल्या सोबत्यांनी पोलिसांना कळवायचं सोडून प्रेत झाडीत लपवलं. काही दिवसांनी पोलिसांपर्यंत बातमी गेलीच, प्रेत सापडलं आणि गावातल्या कित्येकांना ताब्यात घेतलं गेलं.

ही बातमी आपल्याकडच्या पुष्कळांनी वाचली असेल आणि "आदिवासी भागातली गोष्ट" म्हणून पान उलटलं असेल. तसं करू नये. ती टोळी काही दरोडा घालायला निघाली नव्हती. रोज एकमेकांच्या बांधावर बसणारी, एकमेकांच्या लग्नाकार्यात राबणारी माणसं होती. मारणाऱ्याचं मरणाऱ्याशी वैर नव्हतं. बंदुकीतही काही बिघाड झाला नसावा, कारण चाप ओढल्यावर तिनं तिचं काम बरोबर केलं. चुकलं ते दुसरंच. आपला माणूस या घटकेला कुठं आहे हे बार काढणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि समोर काय आहे हे डोळ्यांनी नीट न पाहता हालचालीवर बार निघाला. या दोन गोष्टी जिथं एकत्र येतील तिथं पालघर घडेल. मग ते बोरशेतीचं जंगल असो की आपल्या निवघ्याचा ऊस.

आपल्या घराघरांत श्रावणबाळाची गोष्ट सांगतात. आईबापाच्या भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच गोष्टीत शिकारीचा एक मोठा धडा आहे. राजा दशरथ काही नवशिका नव्हता, शब्दवेधी बाण मारणारा नामांकित धनुर्धर होता. अंधारात पाणी भरल्याचा आवाज आला, जनावर पाणी प्यायला आलं असं त्याला वाटलं, आणि आवाजावर बाण सोडला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. नेम अचूक असून भागत नाही. नेम कशावर धरला आहे ते आधी कळावं लागतं. चांगला नेमबाज आवाजावर बार काढतो तेव्हा तो जास्त घातक असतो, कारण त्याचा बार वाया जात नाही.

हे फक्त अडाण्यांकडून होतं असंही कुणी समजू नये. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्सास राज्यात लावे मारायला गेले होते. सोबतचे हॅरी व्हिटिंग्टन नावाचे ७८ वर्षांचे वकील पडलेलं पाखरू शोधायला रांगेतून मागे गेले आणि परत येत होते. इकडे चेनी उडालेल्या पाखरामागे बंदूक फिरवत वळले आणि बार काढला. छर्रे व्हिटिंग्टन यांच्या तोंडात, मानेत, छातीत घुसले. नशीब म्हणून ते वाचले. बंदूक उत्तम होती, भोवती पहारा होता, दवाखान्याची सोय होती, अनुभवही होता. तरी एक माणूस जागा सोडून गेला, दुसऱ्यानं बंदूक आडवी फिरवली आणि घात झाला. मग आपल्या रानात, तिन्हीसांजेला, डोक्याएवढ्या तुरीत काय होईल याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आधी कायद्याचं

पुष्कळांचा असा समज आहे की डुक्कर आपल्या रानात आलं म्हणजे ते मारायला आपण मोकळे. तसं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली रानडुक्कर आणि रोही ही दोन्ही जनावरं संरक्षित आहेत. उभ्या पिकाला त्यांचा उपद्रव होत असेल तर कलम ११ नुसार वन विभागाची लेखी परवानगी घेऊनच त्यांची पारध करता येते. आपल्या राज्य शासनानं २०१५ साली यासाठी स्थानिक वन अधिकाऱ्यांकडे अर्ज करून परवाना घेण्याची पद्धत घालून दिली. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते. त्याचे वाटे घालणं हा वेगळा गुन्हा होतो. अभयारण्याच्या हद्दीत तर बंदूक घेऊन पाय ठेवायचा विचारही करू नये.

बंदुकीचा परवाना हा त्याहून वेगळा कागद आहे. तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो आणि त्याची मुदत आता पाच वर्षांची असते. ज्याच्या नावावर परवाना, बंदूक चालवणार तोच. "मामाची बंदूक आहे, भाचा चांगला नेम धरतो" ही सबब ठाण्यात चालत नाही. आणि हयगयीनं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा वन विभागाची परवानगी आणि शस्त्राचा परवाना हे दोन्ही कागद जवळ नसतील त्यानं पुढचं वाचायचं ते बाहेर पडण्यासाठी नव्हे, घरी थांबण्यासाठी वाचावं.

पण दोन्ही कागद असले म्हणजे झालं, असंही नाही. कागद गुन्ह्यापासून वाचवतो. गोळीपासून वाचवत नाही.

घेरा घालणं हीच मोठी चूक

आपल्याकडे डुक्कर मारायची एक ठरलेली रीत पडली आहे. उसाची तोड चालू असते, किंवा हार्वेस्टर सोयाबीनमध्ये फिरत असतो. पीक कापत कापत मध्ये शेवटचा तुकडा उरतो. डुकरं त्यात दबून बसतात. मग त्या तुकड्याला चारी बाजूंनी माणसं उभी करतात आणि आत कुत्री सोडतात. बंदूकवाले दोघे असले तर एक या अंगाला, एक त्या अंगाला. पाहणाऱ्याला वाटतं, कसा पक्का बंदोबस्त केला!

शेतकरी बंधूंनो, जमिनीवर काडीनं एक गोल काढा आणि त्याच्या कडेला खडे मांडून पाहा. कोणत्याही खड्यापासून आत रेघ ओढली की ती समोरच्या खड्यावरच जाते. गोल घेऱ्यात प्रत्येक नळीसमोर माणूस असतो. डुक्कर बाहेर पडतं ते गोळीगत पडतं. बंदूकवाल्याचं लक्ष डुकरावर असतं, पलीकडच्या माणसावर नसतं. डुकराला चुकलेला बार पलीकडच्याला लागतो. म्हणून पहिला नियम असा की जिथं घेरा आहे तिथं बंदूक नको, आणि जिथं बंदूक आहे तिथं घेरा नको.

बंदुका चालवायच्याच असतील तर त्या सगळ्या एका बाजूला, एका सरळ रेषेत असाव्यात. धुरा किंवा पांदण सरळ असेल तर तीच रेघ धरावी. प्रत्येकाला त्याची जागा दिवसा उजेडी, बंदूक रिकामी असताना, बोटानं दाखवून द्यावी. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, हे नाव घेऊन सांगावं. हाकेवाले समोरून येणार असतील तर त्यांच्या दिशेनं कोणत्याही परिस्थितीत बार काढायचा नाही. जनावर रेषा ओलांडून पाठीमागे मोकळ्या रानात गेलं, आणि त्या रानात कुणी नाही हे ठाऊक असलं, तरच नळी तिकडे करायची. तीही वळताना जमिनीकडे किंवा आभाळाकडे करून. जनावराच्या मागे नळी आडवी फिरवत वळायचं नाही. चेनींचं तेच चुकलं होतं.

आणखी एक गोष्ट. एकदा दिलेली जागा शिट्टी होईपर्यंत सोडायची नाही. तहान लागली, तंबाखू खायची आहे, शेजाऱ्याला काही विचारायचं आहे, पडलेलं जनावर पाहायचं आहे, कोणतंही कारण चालणार नाही. पारधीत मरतो तो बहुतेक वेळा जागा सोडलेला माणूस असतो. "तो तिथं आहे" हे बाकीच्यांनी मनात धरलेलं असतं आणि तो दुसरीकडूनच झुडपातून डोकं काढतो.

यासाठी टोळीला एक म्होरक्या असावा. त्याच्या हातात बंदूक नसावी, फक्त शिट्टी असावी. एक शिट्टी म्हणजे सुरुवात, लांब शिट्टी म्हणजे जिथं आहात तिथं थांबा आणि बंदुका रिकाम्या करा, असं आधी ठरवून घ्यावं. निघताना माणसं मोजावीत, कागदावर नावं लिहावीत, परत आल्यावर तीच नावं वाचावीत. लग्नाच्या ट्रकात वऱ्हाडी मोजून घेतो तेवढी तरी काळजी इथं घ्यायला काय हरकत आहे? म्होरक्याचा शब्द वयानं मोठ्या माणसानंही ऐकावा. "मला काय सांगतो, तू जन्मायच्या आधीपासून बंदूक धरतो मी" असं म्हणणारा काका बरोबर असेल तर त्याला नमस्कार करून घरी बसवावं.

अंगावर भडक रंगाचं कापड हवं. भगवा फेटा, नारिंगी उपरणं, काहीही चालेल. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत शिकाऱ्याला नारिंगी कपडा सक्तीचा आहे. डुकराला, रोह्याला नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून दिसतो. आपल्याकडे उलट होतं. मातकट सदरा, काळं घोंगडं पांघरून माणसं वाकून चालतात. वाकून चालणारा घोंगडीवाला लांबून कशासारखा दिसतो हे सांगायला नको. पण लक्षात ठेवा, कापडानं सगळं भागत नाही. व्हिटिंग्टन यांच्या अंगावरही नारिंगी जाकीट होतं.

गोळी कुठवर जाते

पुष्कळ जण बारा बोअरच्या बंदुकीलाही रायफलच म्हणतात. दोन्हींत फार फरक आहे आणि तो माहीत नसणं धोक्याचं आहे. बारा बोअरच्या काडतुसात छर्रे असतात. ते पुढे जातात तसे पसरत जातात. एलजीसारखे मोठे छर्रे असतील तर जनावराला दोन लागतात आणि बाकीचे आजूबाजूनं पुढे निघून जातात. ते कुठं गेले ते कुणी पाहत नाही.

रायफलीची गोळी एकटीच जाते, पण फार लांब जाते. पॉइंट बावीसची लहानशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मोठ्या रायफलीची तीन-चार किलोमीटर जाते. आता आपला तालुका डोळ्यांसमोर आणा. सपाट काळं रान, मधे डोंगर नाही, टेकडी नाही. एका गावच्या शिवारातून दुसऱ्या गावचं देऊळ दिसतं. मधे तांडा, आखाडे, कालव्याचा रस्ता. डुकरावर आडवी मारलेली रायफलीची गोळी चुकली तर ती दुसऱ्या गावच्या शिवारात जाऊन पडेल. गोळी पाण्यावर, दगडावर, उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवरही आपटून भलतीकडे उडते. म्हणून सपाट रानात, माणसांच्या टोळीत रायफलीनं आडवा बार काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बार काढायचाच तर माळ्यावर बसून, खाली जमिनीकडे. मग चुकलेली गोळी मातीत जाते. जनावराच्या मागे माती दिसत नसेल, फक्त आभाळ किंवा पीक दिसत असेल, तर चापावरून बोट काढून घ्यावं. डुक्कर उद्याही येईल.

बंदूक हातात असताना

बंदूक भरलेलीच आहे असं समजून ती हाताळावी. "रिकामी आहे रे" म्हणून कुणाकडे रोखलेल्या बंदुकीनं किती घरं बसली असतील! नळी सतत जमिनीकडे किंवा आभाळाकडे. चापावर बोट फक्त बार काढायच्या क्षणी, एरवी बोट बाहेर सरळ. खटका लावलेला असला तरी त्याच्यावर विसंबू नये. ते यंत्र आहे, कधीही दगा देऊ शकतं.

जागेवर पोचल्याशिवाय बंदूक भरायची नाही आणि लांब शिट्टी झाली की जागेवरच रिकामी करायची. धुरा चढताना, ओढा ओलांडताना, तारेच्या कुंपणातून जाताना बंदूक आधी रिकामी करून नळी लांब करून ठेवावी, मग आपण पलीकडे जाऊन उचलावी. मोटारसायकलवर मागे बसून भरलेली बंदूक मांडीवर घेणारे दिसतात. एका खड्ड्यात काय होईल?

आपल्याकडे काही घरांत वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुका परवान्यावर आहेत. त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. गज नळीत सोडून पाहावा. रिकाम्या नळीत गज जेवढा आत जातो तेवढी खूण त्यावर करून ठेवावी. खूण बाहेर राहिली तर आत ठासणी आहे. टोपी बार काढायच्या वेळीच चढवावी, घरून चढवून निघू नये. दारू मापानंच घालावी. "डुक्कर मोठं आहे, मूठभर जास्त घाल" म्हणणाऱ्याच्या हातात नळी फुटते. टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर नळीत डोकावू नये, बंदूक खाली टाकू नये. नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर तसंच उभं राहावं. आतली दारू सर्द असेल तर बार उशिरानं होतो.

आणि आपली काळी माती! पावसाळ्यात बंदूक टेकवली की नळीच्या तोंडात चिकण मातीचा गोळा बसतो. तसाच बार काढला तर नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात, डोळा जातो. नळी जमिनीला लागली अशी शंका जरी आली तरी बंदूक रिकामी करून नळी साफ करून घ्यावी.

दारू पिऊन आलेल्याला बंदूकच काय, काठीसुद्धा देऊ नये. याविषयी जास्त लिहायची गरज नाही.

रात्रीचा प्रश्न

आता सर्वात अवघड मुद्दा. डुकरं रात्री येतात, म्हणून पारधही रात्रीच होते. पण आपल्या रानात रात्री फक्त डुकरंच असतात का? शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी अजून पाळीनं रात्रीची येते. लाईट आली की शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो, वाकून दारं धरतो, उसात, केळीत, हळदीत शिरतो. जागलीवर म्हातारा माळ्याखाली घोंगडी घेऊन पडलेला असतो. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या शेताच्या कडेला असतात, त्यांची लेकरं बाहेर निजतात. मेंढपाळ बसलेले असतात. कापूस वेचायला बायका दिवस उगवायच्या आतच निघतात. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणजे डुक्कर, असं मानणाऱ्यानं ध्यानात घ्यावं की कुत्र्याचे, वासराचे, शेळीचे डोळेही चमकतात. आणि दारं धरणाऱ्या माणसाच्या पायाखाली पाणी वाजतं तसंच पाणी श्रावणबाळाच्या भांड्यात वाजलं होतं.

म्हणून रात्रीच्या टोळीच्या पारधीला माझा विरोध आहे. परवाना असो वा नसो. रात्री बंदूक चालवायचीच झाली तर टोळी नको. एकच माळा, त्यावर एकच परवानाधारक आणि त्याच्या सोबतीला बॅटरी धरणारा एक माणूस. ते दोघं सकाळपर्यंत खाली उतरणार नाहीत, आणि आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना दिवसाच सांगून ठेवलेलं असेल. एवढं जमत नसेल तर डबा वाजवा, फटाका फोडा, पण बंदूक घरी ठेवा.

जनावर जखमी होऊन उसात शिरलं तर रात्री त्याच्या मागे जाऊ नये. जखमी डुक्कर सरळ अंगावर येतं आणि सुळ्यानं मांडी फाडतं. त्याच्या मागे दहा जण घुसले की गोंधळात बार कुणावर निघेल सांगता येत नाही. उजाडेपर्यंत थांबावं, वन कर्मचाऱ्यांना कळवावं.

घात झालाच तर

देव न करो, पण कुणाला लागलंच, तर पहिलं काम सगळ्या बंदुका रिकाम्या करणं. दुसरं, जखमेवर स्वच्छ कापडाची घडी दोन्ही हातांनी दाबून धरणं. छर्रे काढत बसू नये, हळद-चुना भरू नये, पाणी पाजू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. हदगावहून नांदेड साठ किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा "जरा वेळ पाहू" म्हणण्यात जीव जातो. तिसरं, ११२ वर पोलिसांना कळवणं. अपघात लपवला की तो अपघात राहत नाही. पालघरच्या त्या टोळीतल्या बाकीच्यांनी बार काढला नव्हता. पण लपवाछपवीमुळे तेही गुन्ह्यात ओढले गेले, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचं तोंडही धड पाहायला मिळालं नाही.

गावानं काय करावं

हे सगळं एकट्या शेतकऱ्यावर सोडून चालणार नाही. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि आम्ही कृषी खात्याची माणसं, सर्वांनी यात पडलं पाहिजे. पारधीचा परवाना मिळाला की कोणत्या दिवशी, कोणत्या शिवारात, किती वाजता, कोण बंदूक घेऊन जाणार हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं जावं. आदल्या दिवशी दवंडी द्यावी, आता गावोगाव भोंगे आहेत, त्यावरून सांगावं. शेजारच्या गावालाही कळवावं, कारण गोळीला शिवेचा दगड कळत नाही. नावांची यादी पोलीस पाटलाकडे असावी. यादीत नाव नसलेला माणूस रानात दिसला तर म्होरक्यानं पारध थांबवावी. याला पैसा लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही.

केरळ सरकारनं २०२२ साली ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना रानडुकरांबाबत अधिकार दिले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करून त्यांच्याकडूनच हे काम करून घ्यायची पद्धत घातली. आपल्याकडेही तालुक्याला अशी शिकवून तयार केलेल्या माणसांची एक तुकडी वन विभागानं ठेवावी, ही मागणी ग्रामसभांनी ठराव करून पाठवावी. डुक्कर मारणं हे जोखमीचं काम आहे. ते शिकलेल्यानं करावं. बैलाला टोचायला आपण गुरांचा डॉक्टर बोलावतो, मग बंदुकीच्या कामालाच सगळं गाव तज्ज्ञ कसं होतं?

आणि गोळी हा काही एकच उपाय नाही. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, फोटो काढून ठेवावेत. उशीर झाला की हक्काचे पैसे बुडतात. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात पुन्हा घ्यायचं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. त्याची सूचना ७२ तासांत द्यायची आहे. आपल्या पिकाला, आपल्या मंडळाला ते लागू आहे का हे विमा भरतानाच विचारून घ्यावं. सौर कुंपणाला अनुदानाच्या योजना आहेत, चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो. मात्र महावितरणच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडू नये. त्यानं डुकराआधी धन्याचा, नाहीतर सालगड्याचा जीव जातो. हा प्रकार बंदुकीइतकाच वाईट आहे.

एकराचं सोयाबीन गेलं तर त्या साली घर अडचणीत येतं, हे मी रोज पाहतो आणि ते कमी लेखत नाही. पण पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येतं. पारधीत गेलेला माणूस मात्र परत येत नाही, आणि ज्याच्या हातून तो गेला त्यालाही त्या गावात पुन्हा मान वर करून चालता येत नाही. दोन घरं बसतात आणि गावात पिढ्यान्पिढ्यांचं वैर उभं राहतं. तेव्हा येत्या हंगामात बंदूक खांद्याला लावण्याआधी प्रत्येकानं स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. समोर काय आहे ते मला दिसतं आहे का? आणि आपली सगळी माणसं कुठं आहेत ते मला माहीत आहे का? दोन्हींचं उत्तर ठाम 'होय' असं येत नसेल, तर बंदूक खाली घ्यावी.

(लेखक हदगाव तालुक्यात कृषी विस्तार अधिकारी आहेत.)